तीस किलोची परवानगी

गेल्या शनिवारी एका मित्राने मला एक एक्सेल शीट पाठवली. तो आणि त्याच्या ऑफिसातले चार जण पुढच्या मोसमात न्यूझीलंडला मिलफर्ड ट्रॅक करायला चालले आहेत. "तू जाऊन आलायस, जरा नजर टाक" असा निरोप होता. शीट उघडली तर आत ९२ ओळी! स्लीपिंग बॅगपासून 'छोटी कुऱ्हाड'पर्यंत सगळं. शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "एअरलाइन अलाउन्स ३० किलो. अजून ४ किलो शिल्लक!" त्या उद्गारचिन्हातला आनंद बघून मला हसू आलं आणि थोडी काळजीही वाटली.

कारण तीस किलो ही विमानाची क्षमता आहे. विमानाला गुडघे नसतात.

गेली काही वर्षं आपल्याकडचे बरेच ट्रेकर परदेशात चालायला जायला लागलेत. किलिमांजारो, माँ ब्लांची प्रदक्षिणा, न्यूझीलंडचे ग्रेट वॉक्स. फार चांगली गोष्ट आहे. पण जाण्याआधीचे तीन महिने ज्या पद्धतीने सामान गोळा होतं, त्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. आपण यादी नेटवरून उतरवतो, ती बनवणारा बहुधा कुठल्या तरी दुकानाशी संबंधित असतो, आणि मग त्या यादीतली एकेक ओळ आपण परीक्षेतल्या प्रश्नासारखी सोडवत जातो. आमच्या धंद्यात याला उपमा आहे. क्लायंटकडून रिक्वायरमेंट येते, ती कोणी मागितली, का मागितली हे कोणालाच ठाऊक नसतं, पण डॉक्युमेंटमध्ये आहे ना, मग बनवा. वर्षभराने कळतं की ते बटण आजवर एकानेही दाबलेलं नाही. फरक एवढाच की ते बटण कोणाला पाठीवर घेऊन खिंड चढावी लागत नाही.

मिलफर्डची गोष्ट घेतो, कारण ती मला माहीत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही सहा जण गेलो होतो. चार माझ्या वयाचे, एक माझी बायको, आणि एक बायकोचे मामा, वय वर्षं ६१. मामा सत्तरीच्या दशकाच्या शेवटापासून सह्याद्रीत फिरतायत. त्यांची सॅक बघून आमच्या एका मित्राने (याला आपण 'सरदार' म्हणू, कारण त्याचा सरंजाम तसाच होता) विचारलं होतं, "मामा, उरलेलं सामान कुठंय?" मामा म्हणाले, "एवढंच आहे रे. बाकीचं घरी ठेवायला घर घेतलंय."

मिलफर्ड ट्रॅक ५३.५ किलोमीटरचा. चार दिवस, तीन रात्री, एकाच दिशेने. ते आनाऊ डाउन्सहून बोटीने ग्लेड व्हार्फला सोडतात, तिथून चालत क्लिंटन नदीच्या दरीतून वर जायचं, मॅकिनन खिंड ओलांडायची (उंची ११५४ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरीच कमी), आणि आर्थर नदीच्या बाजूने खाली सँडफ्लाय पॉइंटपर्यंत. तिथून परत बोट. रोज स्वतंत्रपणे निघणाऱ्यांना फक्त चाळीस जागा, आणि बुकिंग उघडलं की भराभर संपतात. १९०८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात ब्लांश बॉन या कवयित्रीचा लेख 'जगातली सर्वांत सुंदर पायवाट' अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापून आला, आणि तेव्हापासून हे बिरुद या वाटेला चिकटलं ते चिकटलंच.

आता मुद्दा असा, की त्या तीन रात्री ज्या हट्समध्ये काढायच्या त्यांत काय असतं हे आधीच जाहीर असतं. गाद्या असतात. मोसमात, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलअखेरपर्यंत, स्वयंपाकाला गॅसच्या शेगड्या असतात. नळाला पाणी, संडास, सामायिक खोलीत दिवे. भांडी नसतात, अंथरूण-पांघरूण नसतं, खाणं विकत मिळत नाही, कचरापेटी नाही, मोबाइलला रेंज नाही. म्हणजे एका झटक्यात तंबू, मॅट, स्टोव्ह, गॅसचं सिलिंडर या चार गोष्टी उडाल्या. (वाटेवर तंबू टाकायला बंदीच आहे. आणि गॅसचं सिलिंडर तसंही विमानात ना हातातल्या बॅगेत चालतं, ना चेक-इनमध्ये.) तरीही मित्राच्या शीटमध्ये स्टोव्ह होता. विचारलं तर म्हणाला, "असू दे, बॅकअप." कशाचा बॅकअप? चाळीस जणांच्या स्वयंपाकाला पुरतील इतक्या शेगड्यांचा?

हा 'असू दे' फार महागडा शब्द आहे. मी एकदा बसून हिशेब केला होता. पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर ५३.५ किलोमीटरला साधारण ७६ हजार पावलं होतात. चार किलो फालतू सामान प्रत्येक पावलाला उचलायचं, म्हणजे चार दिवसांत तीन लाख किलो. भौतिकशास्त्राचे शिक्षक रागावतील, असा गुणाकार करत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण तिसऱ्या दिवशी दुपारी गुडघा अगदी असाच गुणाकार करत असतो. कारण खिंडीवरून पलीकडे जी उतरण आहे ती आठशे-नऊशे मीटरची, दगडांची, आणि बहुतेक वेळा ओली. साधारण कळसूबाईच्या माथ्यावरून बारी गावात उतरण्याइतकी. फरक असा की कळसूबाईला आपण पाठीवर पाण्याची बाटली आणि भेळ घेऊन जातो.

माझ्या पाठीवर साडेदहा किलो होते, पाणी आणि चार दिवसांचं जेवण धरून. यात काही पराक्रम नाही, नुसती बेरीज आहे. सॅक १.६, स्लीपिंग बॅग १.१, जेवण २.८ (दिवसाला ७०० ग्रॅम), एक लिटर पाणी. इथेच साडेसहा झाले. उरलेल्या चार किलोंत पावसाचं जॅकेट-पँट, फ्लीस, थर्मल, एक जास्तीचा कपड्यांचा जोड, मोजे, टोप-वाटी-चमचा, औषधं, हेडटॉर्च, पॉवर बँक आणि स्लिपर. बस. सरदारची सॅक सतरा किलोंची होती. घरच्या वजनकाट्यावर त्याने ती एकदाही ठेवली नव्हती, बोटीवर चढताना मी उचलून बघितली तेव्हा माझा खांदा बोलला. पुढे एका हटमध्ये काटा होता त्यावर आकडा कळला. किलोमीटर सगळे मोजतात हो, किलो कोणी मोजत नाही.

बरं, मी त्या दुसऱ्या टोकाच्या लोकांतलाही नाही. टूथब्रशचा दांडा कापणारे, टी-शर्टाचं लेबल उसवणारे, चमच्याला भोकं पाडणारे. तेही शेवटी खरेदीच करत असतात, फक्त हलक्या वस्तूंची. माझे स्लिपर तीनशे ग्रॅमचे होते आणि ते मी पुन्हा नेईन. दिवसभर ओल्या बुटात शिजलेले पाय संध्याकाळी मोकळे होतात, त्या सुखाची किंमत तीनशे ग्रॅमपेक्षा जास्त आहे.

आता पावसाकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे.

मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा ऐकून आपला सह्याद्रीवाला गडी म्हणतो, "हात्तिच्या, महाबळेश्वर-आंबोलीएवढाच की." बरोबर आहे, आकडा त्याच घरातला आहे. पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि तो कोमट असतो. भर जुलैत लोहगडावर चिंब भिजलेला माणूस चहा-भजी शोधतो. फिओर्डलँडचा पाऊस वर्षभर पडतो आणि खिंडीवर तो भर उन्हाळ्यातही बर्फाच्या पाण्यासारखा असतो. वर वारा. बर्फ तर कुठल्याही महिन्यात पडू शकतो. तिथे भिजलेला माणूस चहा-भजी शोधायच्या परिस्थितीत राहत नाही. आधी कुडकुडतो, मग त्याची बोटं चेन लावायला नकार देतात, मग तो गप्प गप्प होतो आणि "मी ठीक आहे" म्हणायला लागतो. ही गप्प होण्याची पायरी धोक्याची. २०२० च्या फेब्रुवारीत तिथे अडीच दिवसांत सुमारे मीटरभर पाऊस कोसळला होता. रस्ते वाहून गेले, लोक अडकले, शेजारच्या रूटबर्न ट्रॅकवरच्या हाउडन हटवर आत माणसं असताना दरड आली. तेव्हा 'थोडासा पाऊस' या शब्दाचा तिथला अर्थ नीट समजून घ्या.

म्हणून माझं ठाम मत: अशा ठिकाणी सामानाच्या यादीत एकच प्रश्न खरा असतो. रात्री अंगावर घालायला आणि पांघरायला काय कोरडं राहणार आहे? त्याचं उत्तर पक्कं असेल तर बाकीच्या चुका माफ होतात. उत्तर डळमळीत असेल तर पन्नास हजारांची खरेदी काही कामाची नाही.

सरदारकडे भारी जॅकेट होतं, श्वास घेणाऱ्या कापडाचं. अशी जॅकेटं तासभर उत्तम, दोन तास बरी. सहा तासांच्या संततधारेत आणि चढणीच्या घामात आतून-बाहेरून सगळीच ओली होतात, किंमत काहीही असो. हे कोणी सांगत नाही. तिथे 'कोरडं राहणं' हे ध्येय ठेवूच नये. ओलं होऊनही उबदार राहणं हे ध्येय. म्हणून अंगाला लोकर किंवा सिंथेटिक कापड. सुती बनियन, सुती टी-शर्ट, जीन्स यांना तिथे प्रवेश नको. सूत पाणी पिऊन बसतं, सोडत नाही, आणि ते सुकवायला लागणारी उष्णता तुमच्या अंगातून काढतं. सह्याद्रीत हेच सुती कापड आपला मित्र असतं, कारण तिथे आपल्याला गारवाच हवा असतो. तेव्हा सवयीवर जाऊ नका.

आणि सॅकवर बाहेरून चढवायचं ते रंगीत रेनकव्हर! त्याबद्दल मला विशेष प्रेम नाही. पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच, आणि वारा असला तर ते कव्हर पतंग होतं. सरदारचं झालं. खिंड चढताना एका झोतात ते उडालं आणि क्लिंटन दरीच्या दिशेने निघून गेलं. (नंतर वॉर्डनबाईंना सांगितलं, कारण तो कचराच झाला की.) पुढचे दोन तास पाऊस थेट सॅकवर. वरच्या निवाऱ्यात पोहोचल्यावर त्याने सॅक उघडली तर कपड्यांतून पाणी निथळत होतं. फ्लीस ओला, थर्मल ओलं, स्लीपिंग बॅग तळाशी होती, ती अर्धी ओली. सतरा किलोंपैकी अंगावर चढवता येईल असं एकही कोरडं वस्त्र नाही. तो थरथरत होता, आणि विनोद करायचा थांबला होता. सरदार विनोद करत नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

मामांनी काही न बोलता आपली सॅक उघडली. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, तिचं तोंड पिळून, दुमडून, सुतळीने बांधलेलं. त्यातून हात घालून त्यांनी लोकरीची बंडी आणि कानटोपी काढली. खडखडीत कोरडी. "ओलं सगळं काढ आधी," एवढंच म्हणाले. आम्ही चार जणांनी आडोसा केला, त्याने कपडे बदलले, आम्ही निवाऱ्यातल्या शेगडीवर पाणी उकळून गूळ घातलेलं काहीतरी त्याला पाजलं. वीस मिनिटांनी त्याने मामांच्या कानटोपीवर पहिला विनोद केला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रात्री हटमध्ये दोघांनी एकच स्लीपिंग बॅग उघडून पांघरली, मामा आणि त्याने. मामा घोरतात हे त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या चाळीस जणांना सांगितलं.

ही पिशवीची युक्ती मामांची नाही. आपल्याकडे शेतकरी खताच्या गोणीच्या आतली जाड पिशवी जपून ठेवतात, तिची खोळ पावसात डोक्यावर घेतात. जुने ट्रेकर तीच पिशवी धुऊन सॅकच्या आत घालायचे. सामान पिशवीत, पिशवी सॅकमध्ये. सॅक भिजली तर भिजू दे. आणि गंमत म्हणजे न्यूझीलंडचं वनखातं चालणाऱ्यांना नेमकं हेच सांगतं: बाहेरच्या कव्हरवर विसंबू नका, आतून जाड पिशवीचं अस्तर घाला. अशा पिवळ्याधमक पिशव्या तिथे विकत मिळतात. म्हणजे जगाच्या दोन टोकांना, पावसाने ज्यांना झोडपलंय अशा लोकांनी एकच उत्तर काढलंय. आतल्या आत पुन्हा दोन भाग करावेत, झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग वेगळ्या लहान पिशवीत. ते कपडे दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचे नाहीत. सकाळी ओले मोजे, ओली पँट परत चढवायची. फार किळसवाणं वाटतं, पाच मिनिटं. मग सवय होते.

आता खाण्याचं सामान. इथे मराठी माणूस हळवा होतो.

न्यूझीलंडमध्ये शिरताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ आणि वापरलेलं चालण्याचं-कॅम्पिंगचं सामान जाहीर करावं लागतं. त्यांचं सगळं शेती-दुभत्यावर चालतं आणि बाहेरची एक बी, एक रोग आत आला तर नुकसान केवढं होईल याची त्यांना जाणीव आहे. जाहीर न करता काही सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड, म्हणजे आपले वीसेक हजार रुपये. जाहीर केलं तर दंड नाही. फार तर वस्तू जाते. त्यामुळे शंका आली की 'हो' वर खूण करा, यात विचार करण्यासारखं काही नाही. मध तर नेऊच नका. आमच्यातल्या एकाच्या आईने प्रेमाने डिंकाचे लाडू दिले होते, साजूक तुपातले. त्याने ते प्रामाणिकपणे जाहीर केले. तपासनीस अगदी सौम्यपणे म्हणाला, दुधातुपाचं घरगुती काही आत घेता येणार नाही. डबा पेटीत रिकामा झाला. तो मुलगा पुढचा तासभर बोलला नाही. आईला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

मला वाटतं, घरचा खाऊ तिकडच्या पायवाटेसाठी नेऊच नये. मायेचा मुद्दा कबूल आहे, पण तो पुण्याच्या विमानतळापर्यंत खाऊन संपवावा. ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात आपल्याला हवं ते सगळं मिळतं, अगदी पोहे-रव्यापासून. ते आनाऊला सुपरमार्केट आहे. आम्ही तिथे बसून पातळ पोहे, रवा, मूगडाळ-तांदूळ, शेंगदाणे, चीज, ओट्स घेतले आणि राहत्या जागी स्वयंपाकघरात रवा भाजून, वर फोडणी देऊन, पुड्या बांधल्या. उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, पाच मिनिटांत उपमा. शेजारच्या टेबलावर एक जर्मन जोडपं वाफाळत्या फोडणीच्या वासाने आमच्याकडे ज्या नजरेने बघत होतं, ती नजर अजून आठवते. वाटून खाल्लं अर्थातच. पॅकबंद, छापील लेबल असलेला आलेपाक मात्र मामांनी इथूनच नेला होता, जाहीर केला, तपासनिसाने उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

(१८८८ साली ही खिंड ज्याने शोधली त्या क्विंटिन मॅकिननबद्दल सांगतात की तो पाहुण्यांना 'पोंपोलोना' नावाचे पाव करून घालायचा आणि त्यात मटणाच्या चरबीच्या मेणबत्त्या वापरायचा. एका वस्तूचे दोन उपयोग म्हणजे काय, ते याला कळलं होतं. चवीबद्दल बोलायला नको.)

बुटांचंही तेच. तळव्याच्या खाचेत राजमाचीची लाल माती घेऊन गेलात तर ते बूट धुवायला बाजूला घेतात. आदल्या रात्री जुन्या टूथब्रशने आणि टाचणीने माती काढायला अर्धा तास लागतो. आणि बूट पायात घालूनच विमानात बसा. बाकी सगळं हरवलं तरी ते आनाऊत भाड्याने किंवा विकत मिळतं, पण तुमच्या पायाला सरावलेले बूट मिळत नाहीत. नवे कोरे बूट घेऊन जाणाऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही, त्यांच्या टाचा बोलतील.

अजून एक गोष्ट, जी एक्सेल शीटमुळे हमखास होते. यादी माणशी असते. त्यामुळे सहा जणांत सहा चाकू, सहा औषधांचे डबे, सहा टूथपेस्ट, सहा सनस्क्रीन. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच फंक्शन सहा ठिकाणी कॉपी-पेस्ट. आम्ही पाच जणांनी (सरदार सोडून) आधी एक संध्याकाळ बसून वाटणी केली: टोप दोघांत एक, औषधांचा डबा सगळ्यांत एक, टूथपेस्ट एक. माणशी किलोभर वजन नुसत्या गप्पांत कमी झालं. याला उलटा आक्षेप येतो, की ज्याच्याकडे डबा आहे तोच मागे राहिला तर? रास्त आहे. म्हणून जे नसल्याने जीवावर बेतेल ते प्रत्येकाकडे हवं: स्वतःची रोजची औषधं, टॉर्च, गरम कपडा, थोडं खाणं. जे नसल्याने फक्त गैरसोय होईल ते एकच. इतका साधा निकष आहे. आणि रेंज नसल्यामुळे संकटाचा इशारा देणारा बीकन तिथे भाड्याने मिळतो, तो एक घ्या. कुऱ्हाडीपेक्षा हलका असतो.

हे सगळं ऐकून मित्र म्हणाला, "अरे पण जास्त वजन झालं तर माझं मी सोसेन ना, तुला काय?" मिलफर्डवर हे निम्मं तरी खरं आहे, कारण तिथे हमाल नाहीत. निम्मंच, कारण तिसऱ्या दिवशी सरदारच्या सॅकमधले पाच किलो आम्ही चौघांनी वाटून घेतले होते. त्यात एक अडीचशे पानांचं पुस्तक होतं, मॅनेजमेंटवरचं. पण हाच मित्र पुढच्या वर्षी किलिमांजारोचा बेत करतोय. तिथे तुमची बॅग दुसऱ्याच्या डोक्यावर असते. कंपनीच्या सामानाची मर्यादा माणशी २० किलो, शिवाय त्या माणसाचं स्वतःचं सामान वेगळं, आणि प्रवेशद्वारावर वजन होतं. तुमच्या वाट्याला त्यातले साधारण पंधरा किलो येतात. तिथे 'असू दे' म्हणून टाकलेला तिसरा स्वेटर जो वाहून नेतो, त्याच्या अंगात स्वतःचा धड एक असेलच याची खात्री नसते. पैसे दिलेत म्हणून हा हिशेब मिटतो असं मला वाटत नाही. मित्र यावर थोडा चिडला. चिडू दे.

असो. शीट मी परत पाठवली, ९२ पैकी ५१ ओळी लाल करून. त्याचं उत्तर आलं, कुऱ्हाड काढली, स्टोव्ह काढला, ड्रोनबद्दल घरी चर्चा चालू आहे. मी त्याला एक ओळ उलट वाढवायला सांगितली आहे, ती त्याच्या यादीत नव्हतीच: अंगभर झाकणारा पातळ फुलशर्ट आणि माश्यांचं मलम. शेवटच्या थांब्याचं नाव सँडफ्लाय पॉइंट उगाच नाही. माओरी लोक सांगतात की हे सौंदर्य बघून माणसं इथेच मुक्काम ठोकतील या भीतीने हिने-नुइ-ते-पो या देवीने त्या माश्या सोडल्या. बोटीची वाट बघत तिथे उभे राहा, मग पटेल.